कामाची मोजपट्टी आधी कागदावर तपासा

सोलापूरच्या पूर्व भागात माणसाच्या कामाचं मोल रोजच्या रोज ठरतं. भवानी पेठेत यंत्रमागावर उभ्या असलेल्या विणकराने पाळीत किती नग काढले आणि त्यातले किती सदोष निघाले, याची नोंद होते. त्याच घरातली बाई वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात जाते. त्यातल्या चांगल्या किती आणि छाट किती, याचा निकाल तिथला तपासणारा देतो. शहराच्या दुसऱ्या भागात कचेरीत बसणारे लिपिक, शिक्षक, बँकेतले अधिकारी यांचं मूल्यमापन वर्षातून एकदा होतं. तिथे विड्यांच्या जागी गुण असतात आणि छाटच्या जागी शेरा.

या सगळ्या ठिकाणी पगार, बढती, बोनस आणि कधीकधी नोकरीच या निकालावर अवलंबून असते. तरीही एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो: मूल्यमापनाचा हा नियम माणसाचं काम मोजतो की त्याचं नशीब? नियम कडक आहे की सैल, यावर मालक आणि युनियन वर्षानुवर्षं भांडतात. पण नियम अचूक आहे का, हे तपासण्याची सोय आता आहे. तिला सिम्युलेशन म्हणतात. जगभरात या पद्धतीने मूल्यमापनाच्या धोरणांची जी तुलना झाली, तिचा हा आढावा आहे आणि ती सोलापूरच्या कामाला लावली तर काय दिसतं, याचाही.

वहीच्या पानावरचा कारखाना

अमेरिकेतले अभियंते जे फॉरेस्टर 1956 मध्ये एमआयटीच्या व्यवस्थापन विभागात आले. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्याचे अधिकारी तेव्हा एका कोड्यात होते. कधी तीन-चार पाळ्या चालवूनही माणसं पुरत नसत आणि काही वर्षांनी निम्म्या लोकांना घरी पाठवावं लागे. दोष बाजारातल्या चढउतारांचा, असं सगळे धरून चालले होते. फॉरेस्टर यांनी भरतीचे आणि साठ्याचे निर्णय कसे घेतले जातात ते विचारून घेतलं, वहीत रकाने आखले आणि आठवड्यामागून आठवडा हाताने हिशेब पुढे नेला. मागणी स्थिर धरली तरी कामगारांची संख्या वरखाली होतच राहिली. कारण बाजारात नव्हतं, कारखान्याच्या स्वतःच्या निर्णयपद्धतीत होतं. पुढे ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ म्हणून नावारूपाला आलेल्या शास्त्राची ही सुरुवात. तिला लागलं काय, तर वही आणि पेन्सिल.

मूल्यमापनात सिम्युलेशनचा फायदा आणखी मोठा आहे. खऱ्या कारखान्यात कोणता कामगार ‘खरोखर’ किती चांगला, हे कुणालाच पक्कं ठाऊक नसतं. ते ठरवण्यासाठीच तर मूल्यमापन करतात. त्यामुळे नियम चुकला तरी ती चूक उघडी पडत नाही. सिम्युलेशनमध्ये कामगार आपणच कल्पलेले असतात, त्यांचं कसबही आपणच ठरवलेलं असतं. मग त्यांच्यावर एक नियम लावायचा, हजारो दिवस चालवायचा आणि मोजायचं: चांगल्या माणसावर किती वेळा ठपका आला, कच्चा माणूस किती वेळा सुटला. दुसरा नियम घ्यायचा, पुन्हा तेच करायचं. खऱ्या माणसाच्या पगाराला हात न लावता धोरणाची ही रंगीत तालीम होते.

एका कट्ट्यावरचा निकाल

सुरुवात विडीपासून करू, कारण तिथे मूल्यमापन सर्वांत उघडं आहे. छाटचा वाद जुना आहे. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याखालच्या नियमांनी त्याला मर्यादा घातली: साधारणपणे 5 टक्क्यांहून जास्त विड्या छाट म्हणून काढू नयेत. मर्यादा योग्यच होती. पण ती कशी तपासायची, यात खरी मेख आहे.

समजा, एका बाईचा हात चांगला आहे आणि तिच्या शंभर विड्यांत सरासरी 3 सदोष निघतात. शेजारीण घाईची आहे, तिच्या शंभरात 8 निघतात. सगळ्या विड्या तपासायला वेळ नाही, म्हणून तपासणारा रोज प्रत्येकीचा 25 विड्यांचा एकच कट्टा उघडतो. एक विडी सदोष निघाली तर 4 टक्के, म्हणजे ठीक. दोन निघाल्या की 8 टक्के, मर्यादा ओलांडली, त्या दिवशी ठपका.

प्रत्येक विडीचा दोष दुसरीपासून स्वतंत्र धरून हा नियम चालवला की निकाल असा येतो. चांगल्या हाताच्या बाईवर 100 पैकी 17 दिवस ठपका बसतो. घाईची शेजारीण 100 पैकी 39 दिवस सहीसलामत सुटते. आणि चांगल्या बाईवर आठवड्याच्या सहा दिवसांत निदान एकदा तरी ठपका येण्याची शक्यता 68 टक्के निघते. म्हणजे जिच्या हातात खोट नाही अशा तीन बायकांपैकी दोघींना दर आठवड्याला बोल ऐकून घ्यावे लागणार, तेही केवळ कुठला कट्टा उघडला गेला यावरून.

आता नियमात एकच बदल करू. तपासणी तेवढीच, रोज एक कट्टा. मर्यादा तीच, 5 टक्के. फक्त निकाल रोज न देता सहा दिवसांच्या 150 विड्यांवर आठवड्याअखेरीस एकदाच द्यायचा: 8 किंवा त्याहून जास्त सदोष निघाल्या तरच ठपका. चांगल्या बाईवर आता 100 पैकी फक्त 8 आठवडे ठपका येतो आणि घाईची शेजारीणही 100 पैकी 8 आठवडेच सुटते. तपासणाऱ्याचं काम वाढलं नाही, मालकाचा खर्च वाढला नाही, मर्यादा सैल झाली नाही. तरीही अन्याय निम्म्याहून कमी झाला आणि ढिलाईही जास्त सापडू लागली.

या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मालकाचं हित आणि कामगाराचं हित इथे एकमेकांविरुद्ध उभं नाही. वाईट नियम दोघांचंही नुकसान करतो. थोड्या नमुन्यावर घाईने निकाल देणं, ही त्यातली सर्वांत सर्रास होणारी चूक.

नग मोजले, थांबे मोजले नाहीत

मागावरचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण विणकर एकटा काम करत नाही. सूत, बीम, कांडी, वीज आणि मागाची देखभाल करणारा जॉबर हे सगळे त्याच्या उत्पादनात वाटेकरी असतात. एका माणसाकडे अनेक यंत्रं असली की काय होतं, याचं गणित विसाव्या शतकाच्या मध्याला बसवलं गेलं. स्वीडनच्या कॉनी पाम यांनी 1947 मध्ये आणि इंग्लंडच्या बेन्सन आणि कॉक्स यांनी 1951 मध्ये ते मांडलं. यातले डेव्हिड कॉक्स पुढे जगद्विख्यात संख्याशास्त्रज्ञ झाले. त्याआधी ते लीड्समधल्या लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत होते. म्हणजे हे शास्त्र कापडाच्या धंद्याला उपरं नाही.

एका विणकराकडे चार माग धरू. ताणा तुटला किंवा बाणा संपला की माग थांबतो. प्रत्येक माग सरासरी 20 मिनिटं चालून थांबतो आणि विणकर सरासरी 2 मिनिटांत तो पुन्हा चालू करतो. दोन माग एकदम थांबले तर एकाला खोळंबावं लागतं. थांबे आणि दुरुस्तीचा वेळ दोन्ही अनियमित धरले तर माग सरासरी 88 टक्के वेळ चालू राहतात.

आता त्याच विणकराला कच्चं सूत द्या. माग 20 ऐवजी दर 10 मिनिटांनी थांबू लागतो. विणकराचा हात तेवढाच चपळ आहे, पण माग चालू राहण्याचं प्रमाण 75 टक्क्यांवर येतं. आता उलट करून पाहा. सूत चांगलं, पण विणकर संथ, त्याला माग चालू करायला 2 ऐवजी 4 मिनिटं लागतात. प्रमाण पुन्हा 75 टक्केच. दोन्हीकडे दुरुस्तीचा वेळ आणि चालण्याचा वेळ यांचं गुणोत्तर एकच असल्यामुळे हे आकडे तंतोतंत जुळतात. कच्च्या सुताशी झुंजणारा तरबेज विणकर आणि चांगल्या सुतावर रेंगाळणारा विणकर, दोघांचे नग सारखेच भरतात. नगावर मूल्यमापन करणाऱ्या नियमाला या दोघांतला फरक दिसूच शकत नाही.

तो दिसण्यासाठी एकच जादा नोंद लागते: मागावर किती थांबे आले. थांबे जास्त असतील तर प्रश्न सुताचा, बीमचा किंवा जॉबरचा. थांबे कमी असूनही नग कमी असतील तर मगच विणकराशी बोलायचं.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. चारऐवजी आठ माग एका माणसाकडे दिले तर माग चालण्याचं प्रमाण 88 वरून 83 वर येतं. मालकाला वाटतं, फरक किरकोळ आहे. पण विणकर आधी 35 टक्के वेळ दुरुस्तीत गुंतलेला असायचा, तो आता 66 टक्के वेळ गुंतलेला असतो. मागाची टक्केवारी मोजणाऱ्या पट्टीवर माणसाची दमछाक उमटत नाही.

समान माणसं, असमान निकाल

मोजपट्टी कामाऐवजी नशीब कसं मोजते, हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग संगणकाशिवाय दाखवत. त्यांच्या शिबिरांतला लाल मण्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. 3,200 पांढरे आणि 800 लाल मणी एकत्र करायचे, 50 खळग्यांची पट्टी त्यात बुडवून काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे सदोष. सहा ‘कामगार’ आळीपाळीने माल काढतात, डेमिंग कमी लाल काढणाऱ्याचं कौतुक करतात आणि जास्त काढणाऱ्याला तंबी देतात.

प्रत्येक वेळी सरासरी 10 लाल मणी येतात, पण पहिल्या आणि शेवटच्या कामगारात सरासरी 7 मण्यांचा फरक पडतो. हा फरक पाहून कुणालाही वाटेल, एकजण मेहनती आहे, दुसरा निष्काळजी. प्रत्यक्षात कुणाच्याच हातात काही नसतं. मणी आधीच मिसळलेले असतात. म्हणूनच डेमिंग यांनी आपल्या ‘आउट ऑफ द क्रायसिस’ या पुस्तकात वार्षिक गुणांकनाला व्यवस्थापनाच्या जीवघेण्या रोगांत गणलं.

शेवटचे दहा टक्के

तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस उलट दिशेचा नियम गाजला. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी कर्मचाऱ्यांची वरचे 20, मधले 70 आणि तळाचे 10 टक्के अशी विभागणी रूढ केली. तळाच्यांनी दर वर्षी बाहेर पडावं, ही अपेक्षा. भारतातल्या मोठ्या कंपन्यांतही घंटेच्या आकाराच्या आलेखात माणसं बसवण्याची पद्धत पोहोचली.

स्टीव्हन स्कलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हा नियम सिम्युलेशनवर पारखला. कल्पित कंपन्यांत दर वर्षी तळाची काही टक्के माणसं काढायची, नवी घ्यायची आणि मनुष्यबळाचं सरासरी कसब किती वाढतं ते बघायचं. निष्कर्ष दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारा होता. फायदा खरोखर होतो, पण बहुतेक पहिल्या काही वर्षांतच. नंतर तो आटत जातो. कारण उघड आहे: कच्चे निघून गेल्यावर उरलेल्यांत खरा फरक कमी राहतो आणि तळाचा कोण हे नशीब ठरवू लागतं. तरीही नियम कुणाला तरी काढायला लावतच राहतो. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये अशी सक्तीची क्रमवारी सोडून दिली.

माणसं एकमेकांशी तोलली की वागणूकही बदलते, हे प्रत्यक्ष शेतावरच्या अभ्यासात दिसलं. ओरियाना बांदिएरा आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडमधल्या फळबागेत मजुरांचं वेतन आधी इतरांच्या सरासरीच्या तुलनेत ठरे, मग ते सरळ नगावर आणलं. उत्पादकता निदान 50 टक्क्यांनी वाढली. आधी जास्त तोडणी केली की मित्राचं वेतन घटायचं, म्हणून लोक हात आखडता घेत होते.

नगावरच्या मजुरीला याचं श्रेय द्यायलाच हवं. एडवर्ड लझियर यांनी अमेरिकेतल्या मोटारीच्या काचा बसवणाऱ्या कंपनीचा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे ताशी पगाराऐवजी नगावर पगार सुरू झाल्यावर उत्पादकता 44 टक्क्यांनी वाढली. पण जे मोजलं जातं तेच वाढतं. टॉवेलचे नग मोजले आणि त्यावरच्या लूपची घनता मोजली नाही, तर नग वाढतील आणि टॉवेल विरळ होईल. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे ते विणीच्या लौकिकामुळे. इथे निव्वळ संख्येची पट्टी शहराच्या नावालाच धक्का लावते.

शेरा आणि बढती

कचेरीत नग नसतात, तिथे वरिष्ठाचं मत हीच पट्टी. स्कलन आणि सहकाऱ्यांच्याच 2000 सालच्या अभ्यासात वरिष्ठांनी दिलेल्या गुणांतला निम्म्याहून अधिक फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींमुळे आढळला. कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता. सरकारी नोकरीत यावर एक मोठा इलाज न्यायालयाकडून आला. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त खटल्यात निर्णय दिला की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. माणसाला आपला निकाल दिसला तर तो चूक दाखवू शकतो. चूक दाखवता येईल असा नियमच काळाबरोबर सुधारतो.

बढतीचंही सिम्युलेशन झालं आहे. इटलीतल्या कातानिया विद्यापीठाच्या प्लुकिनो, रापिसार्दा आणि गारोफालो यांनी 2010 मध्ये एक कल्पित संस्था उभी केली. वरच्या पदाला खालच्या पदाहून वेगळं कसब लागत असेल, तर प्रत्येक वेळी सर्वोत्तमाला बढती दिल्याने संस्थेची एकूण कार्यक्षमता घटते आणि चिठ्ठ्या टाकून बढती दिलेलीही त्याहून बरी ठरते, असं त्यांना आढळलं. मात्र दोन्ही पदांचं कसब एकच असेल, तर सर्वोत्तमाला बढती देणंच योग्य निघालं. उत्तम विणकर उत्तम मुकादम होईलच असं नाही. आधी दोन्ही कामांत सारखं काय आहे ते पाहा, एवढा धडा यातून घ्यावा.

गटाचं मोजमाप

माणूस सुटा मोजण्याऐवजी गट मोजावा, हा पर्याय भारतातल्याच कापड गिरणीत आजमावला गेला. लंडनच्या टाविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी 1953 मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात काम नव्याने आखलं. आधी विणकर, कांडीवाले, दुरुस्तीवाले असे सुटे कामगार अनेक मागांवर विखुरलेले होते. राइस यांनी ठरावीक मागांमागे एकेक छोटा गट दिला आणि त्या मागांच्या उत्पादनाची जबाबदारी सगळ्या गटावर टाकली. उत्पादन वाढलं आणि सदोष कापडही कमी झालं.

वर मांडलेल्या मागाच्या हिशेबातून याचं कारण समजतं. थांबा विणकराच्या हातातला नसतो, थांबलेला माग पुन्हा चालू करणं जॉबरच्या हातात नसतं, पण गटाच्या हातात दोन्ही असतं. ज्याच्यावर निकाल द्यायचा, त्याच्या हातात कारणंही असली पाहिजेत, ही मूल्यमापनाची पहिली अट. गट मोठा झाला की मात्र काही जण इतरांच्या जिवावर राहतात, म्हणून गट लहान हवा.

सिम्युलेशनच्या मर्यादा

सिम्युलेशनमधून तेवढंच निघतं, जेवढं त्यात घातलं जातं. कातानियाच्या अभ्यासात एक गृहीतक बदललं आणि उत्तर उलटलं. विडीच्या आपल्या हिशेबात दोष स्वतंत्र धरले आहेत. खरं तर पान खराब आलं की दिवसभराच्या सगळ्याच विड्या बिघडतात, आणि पान देतो कारखाना. कल्पित कामगार आजारी पडत नाहीत, त्यांची मुलं रडत नाहीत, नियम बदलला म्हणून ते रागावून हात आखडत नाहीत. म्हणून सिम्युलेशनने चांगला नियम कोणता हे अंतिम ठरत नाही. पण वाईट नियम मात्र ते निश्चितपणे उघडा पाडतं. कल्पित, आदर्श परिस्थितीतही जो नियम सहातून एकदा निर्दोष बाईला दोषी धरतो, तो प्रत्यक्षात सुधारण्याची शक्यता नाही.

सोलापूरने काय करावं

1877 च्या सुमाराला जुनी मिल सुरू झाल्यापासून या शहराने कामगाराला मोजलं. हजेरी, पाळी, नग, छाट सगळं मोजलं. मोजपट्टी मात्र कधी मोजली नाही. ते काम आता अवघड राहिलेलं नाही. या लेखातले सगळे आकडे साध्या स्प्रेडशीटवर पडताळून पाहता येतात. अशोक चौकात वालचंद तंत्रज्ञान संस्था आहे, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीच्या आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हवाच असतो. एका यंत्रमाग कारखान्यात महिनाभर थांब्यांची नोंद, एका विडी कारखान्यात महिनाभर कट्ट्यांची नोंद, एवढ्यावर खऱ्या आकड्यांचं सिम्युलेशन उभं राहील.

त्यात तीन गोष्टी सांभाळाव्यात. नोंदी कामगारासमोर व्हाव्यात आणि त्याला वाचता येतील अशा असाव्यात, पूर्व भागात गरज पडल्यास तेलुगूतही. नोंदीच्या काळात कुणावर कारवाई नको, नाहीतर आकडेच खोटे येतील. आणि निकाल मालक आणि युनियन यांच्यापुढे एकाच बैठकीत ठेवावा.

त्या बैठकीत मूल्यमापनाच्या प्रत्येक नियमाबरोबर दोन आकडे मांडण्याची सक्ती असावी: हा नियम चांगल्या कामगाराला शंभरात किती वेळा दोषी ठरवतो आणि कच्च्याला किती वेळा सोडतो. विडी कारखाना असो, माग असो की सरकारी कचेरी, ज्यांना हे दोन आकडे सांगता येत नाहीत, त्यांना त्या नियमावरून कुणाचा पगार कापण्याचा नैतिक अधिकार नाही. मजुरीच्या करारात दराच्या ओळीखाली हे दोन आकडे लिहून घेण्याची मागणी युनियनने यंदापासूनच करावी. मालकांनी ती मान्य करावी, कारण दुसरा आकडा त्यांच्याच फायद्याचा आहे.